दालनातला उजेड कोणाच्या हाती?

नागपूरला प्रदर्शनांची वाण नाही. २००९ पासून भरणारे ॲग्रोव्हिजन आहेच. शिवाय औद्योगिक आणि गृहोपयोगी वस्तूंची लहानमोठी प्रदर्शने वर्षभर चालू असतात. शिक्षक मुलांना घेऊन जातात, मुले माहितीपत्रकांचे गठ्ठे घेऊन परततात. तेथील वस्तूंविषयी पुष्कळ बोलले जाते. वस्तूंवर पडणाऱ्या उजेडाविषयी मात्र कोणी बोलत नाही. वास्तविक दालनांत सर्वांत अधिक बदलला आहे तो हा उजेडच.

पूर्वी हॅलोजनचे दिवे असत. उजेड चांगला, पण खाली उभा राहणारा विक्रेता भाजून निघे. एलईडी आले, उष्णता आणि विजेचा खर्च दोन्ही घटले. याबद्दल तक्रार नाही. आक्षेप आहे तो या दिव्यांमागच्या नियंत्रणव्यवस्थेचा जो उपयोग केला जातो त्याला.

ही व्यवस्था समजून घेण्याजोगी आहे. रंगीत एलईडी दिव्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन डायोड असतात. प्रत्येकाची तीव्रता ० ते २५५ यांपैकी एका अंकाने ठरते. तिन्ही मिळून १,६७,७७,२१६ छटा होतात. तीव्रता कमी करायची म्हणजे बहुधा डायोड सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करायचा. बंद राहण्याचा वेळ वाढला की डोळ्याला उजेड मंद वाटतो. हे अंक दिव्यांपर्यंत नेण्याची सर्वांत रूढ पद्धत म्हणजे डीएमएक्स-५१२. एका तारेवर ५१२ वाहिन्या, वेग सेकंदाला अडीच लाख बिट. त्यामुळे सर्व वाहिन्यांचे अंक सेकंदाला सुमारे ४४ वेळा नव्याने पाठवता येतात. शिक्षकांनी वर्गात ५१२ अंक ओळीने मोठ्याने वाचावेत आणि प्रत्येक मुलाने आपल्या क्रमांकाचा तेवढा अंक टिपावा, तसा हा कारभार. मुलांनी उलट उत्तर द्यायचे नाही. तारेच्या टोकाला १२० ओहमचा रोध लावायचा विसरला, तर संकेत टोकावरून परत फिरतो आणि दिवे वेड्यासारखे लुकलुकू शकतात. दोरीवरच्या तरंगाचे परावर्तन शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

आता मुद्द्याकडे. डीएमएक्स-५१२ ही पद्धत १९८६ मध्ये अमेरिकेत तयार झाली ती रंगमंचासाठी. नाटकात उजेडाने भास निर्माण करायचा असतो आणि प्रेक्षक ते जाणून तिकीट काढतो. तीच व्यवस्था बाजारात आली. पडदा, ध्वनी आणि दिवे एकाच नियंत्रकाला जोडून ठरावीक ‘दृश्ये’ साठवली जातात आणि ती दिवसभर फिरत राहतात. दालनात पंप किंवा रंगाचा डबा असेल तर फारसे बिघडत नाही. पण संत्रे असेल तर?

आंबिया बहराची संत्री तयार झाली तरी सालीवर पुष्कळदा हिरवट झाक राहते. दिव्यातली हिरवी वाहिनी थोडी उतरवली आणि लाल चढवली, की परावर्तित व्हायला हिरवा प्रकाश कमी उरतो. फळ आहे त्याहून पिकलेले दिसते. कापसाचेही तसेच. रुईचा पिवळेपणा हा प्रत ठरवण्याचा एक निकष आहे. यंत्राने प्रत ठरवताना रुईची परावर्तनक्षमता आणि पिवळेपणा ही दोन्ही मोजतात. निळी वाहिनी वाढवली तर पिवळेपणा झाकला जातो. धुतलेल्या कपड्यांना आपण नीळ देतो ती याचसाठी. फरक इतकाच, की इथे नीळ उजेडाला दिलेली असते.

यात मुद्दाम लबाडी असतेच असे नाही. दालन सजवणाऱ्याला ते आकर्षक करायचे असते, एवढेच. शिवाय तीन डायोडांच्या मिश्रणाने झालेला पांढरा उजेड अगदी पांढरा दिसला, तरी त्याच्या वर्णपटात लाल, हिरव्या, निळ्याच्या मध्ये दऱ्या असतात. सूर्यप्रकाशात अशा दऱ्या नसतात. म्हणून नियंत्रकावर ‘पांढरा’ निवडला तरी वस्तूचे खरे रंग दिसतीलच असे नाही. निळ्या डायोडवर पिवळ्या प्रस्फुरकाचा लेप दिलेले साधे पांढरे एलईडी याबाबतीत बहुधा बरे. सेंद्रिय हळदीपासून पानांवरच्या रोगाच्या नमुन्यांपर्यंत जिथे रंग पाहून निर्णय घ्यायचा आहे, तिथे रंगदर्शन निर्देशांक किमान ९० असलेले पांढरे दिवे हवेत.

आयोजक खर्चाचे कारण सांगतील. दिव्यांना थोडा खर्च येईल हे खरे, परंतु नियंत्रकात आणखी एक दृश्य साठवण्याला काहीच पडत नाही. ‘साधा उजेड’ असे त्याचे नाव ठेवावे आणि त्याचे बटण दालनाच्या दर्शनी भागी, ग्राहकाच्या हाताशी द्यावे. नागपूरच्या रामन विज्ञान केंद्रात बटण दाबण्याचा अधिकार दहा वर्षांच्या मुलालाही असतो. व्यापारी दालनात तो पैसे मोजणाऱ्या शेतकऱ्याला नाही, हे विचित्र आहे.

तोवर तपासणी आपणच करावी. पुढच्या सहलीत प्रत्येक गटाला एक जुनी सीडी द्या. तिच्यावर दालनातल्या दिव्याचे प्रतिबिंब तिरपे पाहिले, की वर्णपट सलग आहे की तीन तुकड्यांचा, ते कळते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिव्याखालच्या भिंतीवर काळे पट्टे सरकताना दिसले, तर दिवा चालू-बंद होतो आहे. आणि घरून दोन संत्री न्या, एक पिवळे, एक हिरवट. दालनाच्या उजेडात त्यांचे वर्णन मुलांना वहीत लिहायला सांगा, मग मंडपाबाहेर उन्हात येऊन पुन्हा लिहायला सांगा.