मुखवट्याआडचे वीर : जपानी दूरचित्रवाणीच्या एका दशकाचा गुणानुक्रम

लहान मुलांसाठी निर्माण झालेल्या कलाकृतींकडे गंभीर समीक्षकाने वळू नये, असा एक संकेत आपल्याकडे रूढ आहे. पंचतंत्राची योजना मुळात तीन अडाणी राजपुत्रांसाठी झाली होती, आणि तरी त्या ग्रंथावर पंडितांनी आयुष्ये वेचली, हे मात्र हा संकेत पाळणारे विसरतात. जपानच्या दूरचित्रवाणीवर १९६६ ते १९७५ ह्या दहा वर्षांत मुखवटाधारी वीरांच्या ज्या मालिका झाल्या, त्यांनाही हाच न्याय लावावयास हवा. रबरी कातड्यातले राक्षस, टेबलावर मांडता येतील एवढाली शहरे आणि त्यांची होणारी राखरांगोळी, ही बाह्य सामग्री पाहून हसणे सोपे आहे. परंतु जत्रेच्या रात्री देवळाच्या प्रांगणात दशावतार पाहत पहाट करणाऱ्या आपल्या वाचकाला मुखवट्याचे आणि लाकडी तलवारीचे वावडे असण्याचे कारण नाही. सोंग खरे नाही हे तो जाणतो, आणि सोंगाआडून जे सांगितले जाते ते खरे असू शकते, हेही तो जाणतो.

ह्या दशकात वीर पुष्कळ झाले. त्यांतील सहांची निवड करून त्यांचा गुणानुक्रम लावण्याचा हा प्रयत्न आहे. क्रम लावावयाचा तर कसोटी आधी सांगितली पाहिजे. कोणी किती राक्षस मारले, कोणाची खेळणी किती खपली, कोणाची मालिका किती वर्षे चालली, ह्या हिशेबाला येथे स्थान नाही. दोनच प्रश्न येथे विचारावयाचे आहेत. अंगी आलेल्या सामर्थ्यासाठी ह्या वीराने काय मोजले? आणि शत्रूकडे पाहताना त्याला स्वतःचे काही दिसले काय?

दुसरा प्रश्न आपल्या परंपरेला परका नाही. विष्णुमंदिराच्या गाभाऱ्याच्या दाराशी जय आणि विजय उभे असतात. सनकादिकांच्या शापाने तेच हिरण्याक्ष आणि हिरण्यकशिपू झाले, तेच रावण आणि कुंभकर्ण, तेच शिशुपाल आणि दंतवक्र. ज्यांच्या निर्दालनासाठी देवाने पुन्हा पुन्हा अवतार घेतला, ते त्याच्याच दारचे सेवक होते. शत्रू परक्या मुलखातून येतो असे मानणारी कथा बालिश असते. तो आपल्याच उंबरठ्यावरून गेलेला आहे, हे ओळखणारी कथा प्रौढ असते, मग ती मुलांसाठी का रचलेली असेना.

सहावे स्थान ‘रेनबोमॅन’ला. १९७२–७३ साली ५२ भागांत झालेली ही मालिका कावाउची कोहान ह्यांची. १९५८ साली ‘गेक्को कामेन’ हा जपानी दूरचित्रवाणीचा आरंभीचा मुखवटाधारी वीर त्यांनीच निर्माण केला होता, आणि त्याचे नावही चंद्रप्रभ ह्या बोधिसत्त्वावरून घेतले होते. रेनबोमॅनचा नायक यामातो ताकेशी हा तरुण कुस्तीगीर विद्या मिळवण्यासाठी थेट भारतात येतो आणि एका योग्याचा शिष्य होतो. ‘अनुत्तर सम्यक् संबोधि’ हे शब्द जपानी उच्चारांत जपून तो रूप पालटतो. त्याची रूपे सात आहेत : चंद्र, अग्नी, जल, वनस्पती, सुवर्ण, पृथ्वी आणि सूर्य. हा क्रम म्हणजे जपानी आठवड्याच्या सात वारांचा क्रम होय, आणि त्या वारांमागे आपल्या परिचयाचेच ग्रह आहेत. नवव्या शतकाच्या आरंभी कूकाई ह्या भिक्षूने चीनमधून ग्रहनक्षत्रांचा जो बौद्ध ग्रंथ जपानात नेला, तो अमोघवज्राने चिनी भाषेत उतरविलेला होता. सोमवारचा सोम अशा लांबच्या वाटेने त्या पडद्यावर पोचला.

एवढे असूनही स्थान सहावे का? कारण ह्या मालिकेतील भारत ऐकीव आहे. योग्याचे नाव आहे देवदत्त. बौद्ध वाङ्मयात देवदत्त हा बुद्धाचा द्वेष करणारा चुलतभाऊ, आणि तेच नाव येथे परमदयाळू गुरूला दिले गेले आहे. ह्या विसंगतीतून काही अर्थ काढला असता तर गोष्ट वेगळी होती, पण तो काढलेला नाही. मालिकेचे बळ आहे तिच्या खलनायकात. महायुद्धात जपानी सैन्याने केलेल्या अत्याचारांचा सूड म्हणून तो अवघ्या जपानचा नाश करू पाहतो. त्याचा मार्ग दुष्ट आहे, परंतु त्याची तक्रार खोटी नाही. एवढा मोठा प्रश्न उपस्थित करून मालिका त्याच्या उत्तराकडे पाठ फिरवते आणि सात रंगांच्या चमत्कारांत रमते.

पाचव्या स्थानी ‘जायंट रोबो’. ह्याची ओळख आपल्याकडील एका पिढीला आहे. १९६७–६८ मधील ही २६ भागांची मालिका इंग्रजी संवादांसह जगभर फिरली आणि ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवरही दिसली. योकोयामा मित्सुतेरू ह्यांच्या चित्रकथेवरून घेतलेल्या ह्या कथेत प्राचीन इजिप्तच्या राजासारख्या मुद्रेचा एक प्रचंड यंत्रमानव केवळ एका मुलाच्या आज्ञेत वागतो. पंचवीस भाग ही आज्ञाधारकता पाहण्यात जातात, आणि त्यांत विचार करण्यासारखे फारसे नाही. शेवटच्या भागात मात्र यंत्र प्रथमच आज्ञा मोडते. शत्रूला कवेत घेऊन ते आकाशात झेपावते, मुलगा परत ये म्हणून आक्रोश करीत राहतो, आणि दोघेही अवकाशात नष्ट होतात. प्रेम शेवटी आज्ञाभंगाच्या रूपाने प्रकट व्हावे, ही कल्पना खरोखर मोठी. पण एका भागाच्या पुण्याईवर ह्याहून वरचे स्थान देता येत नाही.

चौथा ‘अल्ट्रामॅन’. जुलै १९६६ मध्ये सुरू झालेल्या ह्या ३९ भागांच्या मालिकेमागे त्सुबुराया एइजी ह्यांची संस्था होती. तिचा आरंभच प्रायश्चित्ताने होतो. अंतराळातून राक्षसाचा पाठलाग करीत आलेल्या ह्या महापुरुषाची हायाता नावाच्या वैमानिकाच्या विमानाशी टक्कर होते आणि हायाता प्राणास मुकतो. अपराधाची भरपाई म्हणून तो आपले जीवन त्याच्याशी एक करतो. पृथ्वीवर त्याचे बळ सुमारे तीन मिनिटे टिकते. मग छातीवरचा दिवा लुकलुकू लागतो, आणि पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोकाही त्याबरोबर चुकतो. अमर्याद बळाच्या वीराची चिंता कोणी वाहत नाही. ह्या एका दिव्याने देवतुल्य वीराला मर्त्यांच्या पंगतीला आणून बसविले.

तेविसाव्या भागाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. जिस्सोजी आकिओ ह्यांनी दिग्दर्शित केलेल्या ह्या भागातील जामिला नावाचा राक्षस मूळचा माणूसच. तो अंतराळवीर होता. निर्जल ग्रहावर अडकलेल्या त्याला त्याच्या देशाने तेथेच सोडून दिले आणि गोष्ट दडपली. तो परततो तेव्हा त्याचे शरीर पाण्याला पारखे झालेले असते, आणि त्याचा अंत केला जातो तो पाण्यानेच. नंतर त्याच्या नावे स्मारक उभारले जाते. वीराच्या पथकातील एक जण त्या स्मारकावरील गोड शब्दांविषयी कडवटपणे बोलतो. जय-विजयांची कथा येथे विसाव्या शतकाचा पोशाख घालून उभी आहे. मग अल्ट्रामॅन चौथाच का? कारण हे दुःख त्याच्या सोबत्याच्या वाट्याला येते, त्याच्या स्वतःच्या नाही. त्याचा चेहरा अखेरपर्यंत शांत आणि निर्विकार राहतो. देवाला ते शोभते, पण आपण शोधतो आहोत वीर.

तिसरे स्थान ‘कामेन रायडर’ला, आणि ह्याबद्दल पुष्कळांचा रोष ओढवेल ह्याची जाणीव आहे. एप्रिल १९७१ ते फेब्रुवारी १९७३ पर्यंत ९८ भाग चाललेल्या ह्या मालिकेने जो वंशविस्तार केला, तो आजही थांबलेला नाही. इशिनोमोरी शोतारो ह्यांची मूळ कल्पना भेदक आहे. होंगो ताकेशी ह्या विद्यार्थ्याला ‘शॉकर’ नावाची दुष्ट संघटना पळवून नेते आणि शस्त्रक्रियेने त्याचे टोळाचे गुण असलेल्या प्राण्यात रूपांतर करते. मेंदूवरील शेवटची शस्त्रक्रिया होण्यापूर्वी तो निसटतो. म्हणजे तो आणि तो ज्यांना मारतो ते एकाच कारखान्यातून बाहेर पडलेले भाऊबंद होत. त्यांच्यात अंतर आहे ते अपुऱ्या राहिलेल्या एका शस्त्रक्रियेचे. मुखवट्याच्या डोळ्यांखाली अश्रूंच्या ओघळासारखी काळी रेघ आहे, ती उगाच नव्हे.

आरंभीच्या भागांत हा विषाद दाट आहे. पण चित्रीकरणात मोटारसायकलचा अपघात होऊन नायक फुजिओका हिरोशी ह्यांचा पाय मोडला, आणि चौदाव्या भागापासून दुसरा रायडर आणावा लागला. त्याच्याबरोबर मालिकेचा वर्णच उजळला. रूप पालटताना करावयाची हातांची डौलदार मुद्रा आली आणि मुले तिच्यामागे वेडी झाली. मालिका वाचली, वाढली, गाजली, आणि अश्रूंची ती रेघ हळूहळू केवळ नक्षी होऊन राहिली. लोकप्रियतेने वीराला जीवदान दिले खरे, पण त्याचे दुःख त्याच्यापासून काढून घेतले.

दुसरा ‘अल्ट्रासेव्हन’. ऑक्टोबर १९६७ ते सप्टेंबर १९६८, ४९ भाग. हा परग्रहावरून आलेला पाहुणा पृथ्वीवर राहण्यासाठी एका गिर्यारोहकाचे रूप घेतो. सोबत्याचा जीव वाचावा म्हणून स्वतःचा दोर कापणारा तो तरुण त्याने पाहिला होता. दान म्हणून तो माणसांत वावरतो, त्यांच्यावर माया करतो. आणि मग बेचाळिसावा भाग येतो. समुद्रतळी राहणारे नोनमाल्ट हे पृथ्वीचे मूळ रहिवासी असून माणसांनीच त्यांना हुसकून लावले, असे एक मूल सांगते. ते खरे की खोटे हे ठरण्यापूर्वीच पथकाचा नायक समुद्रातील ते नगर उद्ध्वस्त करतो आणि विजयाचा आनंद मानतो. दान त्याच पक्षाकडून लढला आहे. हा भाग लिहिणारे किंजो तेत्सुओ ओकिनावात वाढले होते. १९४५ च्या लढाईत त्या बेटाची झालेली दैना त्यांनी बालपणी पाहिली होती, आणि हे लेखन झाले तेव्हा ते बेट अमेरिकेच्या ताब्यात होते. १९७२ पर्यंत ते जपानला परत मिळाले नाही. आपण ज्यांचे रक्षण करतो तेच आक्रमक असतील तर काय, हा प्रश्न मुलांपुढे ठेवण्याचे धैर्य किती लेखकांनी दाखविले असेल?

शेवटही ह्या तोलाचाच. शरीर खचलेले आहे, पुन्हा रूप पालटू नकोस असे वरिष्ठांनी बजावले आहे. दान सहकारी अॅनला सांगतो की आपण माणूस नव्हे. मागे शूमान ह्या जर्मन रचनाकाराचा पियानो गरजतो. ती उत्तर देते की, माणूस असलास काय, परग्रहवासी असलास काय, तू दानच आहेस. मुखवटा उतरल्यावरही नाते टिकते, ह्याहून मोठे पारितोषिक ह्या दशकातील दुसऱ्या कोणा वीराला लाभलेले नाही.

आणि पहिला ‘किकायडर’. जुलै १९७२ ते मे १९७३, अवघे ४३ भाग. निर्मितीच्या सफाईत तो सेव्हनच्या जवळपासही येत नाही. कित्येक भाग एकाच साच्यातले आहेत. तरीही अग्रपूजेचा मान त्याचाच. जिरो हा यंत्रमानव. डॉ. कोम्योजी ह्यांनी त्याच्यात सदसद्विवेकाचे यंत्र बसविले, पण ते पुरे होऊ शकले नाही. त्याचे अर्धे अंग तांबडे आणि अर्धे निळे, डोक्याच्या एका बाजूला आतली यंत्रे उघडी दिसतात. अपुरेपण लपविण्याची सोयच त्याला ठेवलेली नाही. दुष्ट प्राध्यापक गिल बासरी वाजवतो, आणि ते सूर कानी पडताच जिरोचे चित्त दुभंगते. आपल्या मनात बासरी म्हणजे गोकुळ, बासरी म्हणजे जिच्यामागे जिवाने धावावे असा साद. येथे तीच साद दुष्कर्माकडे ओढते, आणि कान झाकून ती थांबत नाही. दर भागात हा वीर राक्षसाशी लढण्यापूर्वी स्वतःशी लढतो.

पुढे हाकायडर येतो. काळा, पूर्ण, निःशंक. त्याच्या माथ्यात मेंदू आहे तो जिरोच्या जन्मदात्याचा, कोम्योजींचाच. शत्रूवर घाव घालावा तर पित्याचा वध होतो. शत्रूत स्वतःचे काय दिसते, हा आपला प्रश्न याहून उघडपणे कोणत्याही मालिकेने मांडलेला नाही. १९७४ पासून हवाई बेटांवर ही मालिका अफाट लोकप्रिय झाली, ह्याचे नवल वाटत नाही. अपुऱ्या विवेकावर दिवस काढणे हे कोणत्याही एका देशाचे प्राक्तन नाही.

एप्रिल १९७५ मध्ये ‘गोरेंजर’ आले. पाच रंगांचे पाच वीर. त्यांनी दशकाचे दार लावले आणि नव्या युगाचे उघडले. जबाबदारी पाचांत वाटली गेली आणि एकट्याचे दुःख संपले. त्यांना ह्या यादीत स्थान नाही, कारण त्यांना कशाची किंमत मोजावी लागली हे शोधूनही सापडत नाही.

किंजो आणि इशिनोमोरी, दोघांचाही जन्म १९३८ चा. युद्ध संपले तेव्हा ते सात वर्षांचे होते. आपल्या देशाचे सामर्थ्य अन्यायाच्या कामी लागलेले आणि मग धुळीस मिळालेले त्या पिढीने पाहिले. म्हणून त्यांचे श्रेष्ठ वीर सामर्थ्याचा गर्व मिरवीत नाहीत, ते त्याला भितात. मुलांच्या हाती आज बळाच्या कथा पुष्कळ आहेत. बळाचे भय वाटणारा वीर मात्र दुर्मिळ आहे, आणि जिरोला पहिले स्थान देण्याचे कारण तेवढेच आहे.