वस्तऱ्याचे वय

टीका लिहावयाची तर दुसऱ्याच्या पुस्तकावर लिहिणे सोयीचे असते. यंदा मात्र मी माझीच कादंबरी टीकेसाठी घेतली आहे, आणि त्याला कारण झाला एक वस्तरा.

ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली रत्नागिरीस बंदिवासात आला. माझ्या कादंबरीचा आरंभ त्याच सालातला. पहिल्याच प्रकरणात गावचा न्हावी धोपटी उघडतो, वस्तरा उन्हात धरतो आणि पात्यावरची ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरे चमकतात. हे वाक्य माझ्या फार आवडीचे. बारीक तपशिलाने चित्र कसे जिवंत होते, हे सांगताना मी ते वर्गात वाचूनही दाखवीत असे.

एके दिवशी आमच्या आळीतले एक वृद्ध नाभिक गृहस्थ कापडात गुंडाळलेली दोन पाती घेऊन आले. म्हणाले, “गुरुजी, तुम्ही लिहिलात तसला वस्तरा आमच्या घरात आहे. पण पणजोबा त्याला ‘नवा’ म्हणत. थिबाराजाच्या वेळचा तो हा, दुसरा.”

मी दोन्ही शेजारी ठेवली. जुने पाते जाड, पाचरीसारखे, नुसतेच, मुठीवाचून. नवे दोन्ही अंगांनी खोलगट घासलेले आणि पातळ. ही घडण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ होत गेली. पण नव्याची मूठ शिंगाची आणि चांगली जुनाट! केवळ मुठीवरून निवाडा केला असता तर मी फसलो असतो. जुन्याचीच मूठ काढून नव्याला बसवलेली होती. पोथ्यांतही असे होते. म्हणून तर एकनाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करावा लागला. एका ओवीवरून पोथीचे वय सांगू नये, तसे एका मुठीवरून वस्तऱ्याचे सांगू नये.

राहिली ती अक्षरे. शेफील्डच्या कारागिरांची तक्रार होती की परदेशी पाती त्यांच्या नावावर खपतात. १८८७ साली ब्रिटनमध्ये व्यापारी चिन्हांचा कायदा झाला आणि इंग्रजी मालाचा भास करून देणाऱ्या परदेशी मालावर खऱ्या देशाचे नाव घालणे भाग पडले. हिंदुस्थानात तसा कायदा १८८९ मध्ये आला. ‘मेड इन जर्मनी’चा बोलबाला झाला तो त्यानंतर. म्हणजे माझ्या न्हाव्याच्या हातातला वस्तरा अजून जन्मायचा होता!

साल चुकले, ते पुढल्या आवृत्तीत सुधारता येईल. परंतु वाक्य पुन्हा वाचले तेव्हा याहून मोठी चूक दिसली. १८८६ सालच्या त्या न्हाव्याला इंग्रजी कुठे वाचता येत होते? ती अक्षरे त्याने पाहिलीच नव्हती. त्याच्या खांद्यावरून डोकावून मी पाहिली होती. त्याने काय पाहिले असते, ते त्या वृद्धांनी दाखवले. जुने पाते टोकापेक्षा मध्ये अरुंद झाले होते. “इथं बघा,” ते म्हणाले, “घासून घासून एवढं गेलंय. पणजोबांचा हात इथंच जास्त चालायचा.”

वस्तऱ्याला दोन वये असतात. एक कारखान्यातले, ते छाप, घडण आणि कायदे यांवरून काढता येते, आणि ते काढलेच पाहिजे. दुसरे हातातले, ते झिजेवरून कळते. ऐतिहासिक कादंबरीकाराला दोन्ही हवीत. मी पहिल्यात आळस केला आणि दुसऱ्याकडे पाहिलेच नाही. वर मुलांना ते वाक्य नमुना म्हणून शिकवले, ही खंत अधिक. दिवाळीनंतर शाळा उघडली की तेच वाक्य फळ्यावर लिहून त्यातली चूक मुलांकडूनच काढून घेणार आहे.

वाचकहो, सणाच्या आवराआवरीत माळ्यावरून एखादा गंजका वस्तरा खाली आलाच, तर लगेच भंगारात टाकू नका आणि पेशवाईतला म्हणून मिरवूही नका. बोट सांभाळून त्यावरची अक्षरे वाचा, मूठ मूळची आहे का पाहा. आणि घरात कोणी वडीलधारे असतील तर त्यांना एवढे विचारा, की याला घरात जुना म्हणत की नवा?