स्वप्नातील मोहिनी आणि मारकन्या

तेओफिल गोतिए या फ्रेंच लेखकाची ‘ला मोर्त आमूरोझ’ (१८३६) ही अद्भुतकथा. तरुण धर्मगुरू रोम्युआल्ड दिवसा उपासना करतो आणि रात्री स्वप्नात क्लारिमोंद या मृत सुंदरीचा प्रियकर होतो. ती त्याचे रक्त प्राशन करते. अखेर दुसरा एक धर्मगुरू तिची कबर उकरून पवित्र जल शिंपडतो आणि तिची माती होते.

कथेची भाषा देखणी आहे. परंतु तृष्णा धर्मगुरूची असता दंड स्त्रीलाच का, असा आमचा प्रश्न आहे. निद्रिस्त पुरुषाला भुलविणारी ‘सक्यूबस’ ही राक्षसी युरोपीय लोकसमजुतीत जुनीच. १४८६ च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘मॅलियस मॅलेफिकारम’ या ग्रंथाने स्त्रिया दैत्यांशी संग करतात असे प्रतिपादून चेटकीण ठरविलेल्यांच्या छळास आधार पुरविला.

संयुत्त निकायातील मारकन्याही मोहक रूपे घेतात. परंतु तण्हा, अरती व रगा ही त्यांची नावे मनोविकारांचीच आहेत. तेथेच मार भिक्खुणी सोमेला स्त्रीबुद्धीवरून हिणवतो आणि समाहित चित्ताला स्त्रीत्व आड येत नाही, असे सांगून ती त्याला परतविते. जातकांतील मोहक यक्षिणींत मात्र स्त्रीदोषाची छाया आहे, हे आम्ही नाकारीत नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (मूळ इंग्रजी, १९५७) या ग्रंथात मारसंततीचा अर्थ दुष्ट विचार व वासना असा लावला, हे महत्त्वाचे होय.

वृद्ध रोम्युआल्ड स्त्रीकडे पाहू नका असे बजावतो, तरी क्लारिमोंदसाठी हळहळतो. राक्षसी नष्ट झाली. तृष्णा तशीच राहिली.