मन-मेंदू तादात्म्यवाद

मनोव्यापार व मेंदूतील प्रक्रिया ह्या परस्परसंबद्ध अशा दोन गोष्टी नसून एकच होत, असे प्रतिपादणारी तत्त्वज्ञानातील उपपत्ती. यू. टी. प्लेस (१९५६) व जे. जे. सी. स्मार्ट (१९५९) ह्यांच्या निबंधांतून तिची आधुनिक मांडणी झाली.

देकार्त (१५९६–१६५०) ह्याने मन व जडद्रव्य ही दोन स्वतंत्र द्रव्ये मानली : विचार हे पहिल्याचे, तर विस्तार हे दुसऱ्याचे सारभूत लक्षण. अवकाश न व्यापणारे मन शरीराला गती कशी देते, असा प्रश्न बोहीमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ मध्येच त्याला पत्राने विचारला होता. मेंदूतील तृतीयनेत्र ग्रंथीच्या ठायी ह्या दोहोंचा संयोग होतो, हे देकार्तचे मत त्यास पुरेसे उत्तर ठरत नाही. त्याने अडचणीचे स्थान निश्चित होते, अडचण दूर होत नाही.

तादात्म्यवादात ही अडचण उद्‌भवतच नाही. ‘वेदना’ आणि ‘मेंदूतील अमुक प्रक्रिया’ ह्या शब्दप्रयोगांचे अर्थ भिन्न असले, तरी त्यांनी निर्दिष्ट होणारी वस्तू एकच असते. पहाटेचा तारा व सायंकाळचा तारा हे दोन्ही शुक्रच होत, हे शब्दार्थावरून नव्हे, तर निरीक्षणाने कळले. तसेच हे तादात्म्यही अनुभवाधिष्ठित आहे. मेंदूला इजा झाली अथवा औषध दिले, तर मनोव्यापार पालटतात, ह्या वस्तुस्थितीशी ते सुसंगत आहे. तथापि तिने अवलंबन सिद्ध होते, तादात्म्य नव्हे. तेल संपले म्हणजे ज्योत विझते. म्हणून तेल म्हणजेच ज्योत असे होत नाही.

ह्या उपपत्तीवरील आक्षेपांपैकी दोन महत्त्वाचे आहेत. हिलरी पटनम ह्यांच्या मते (१९६७) मानवाप्रमाणेच अष्टपादासही वेदना होत असल्यास, रचनेने अत्यंत भिन्न अशा मज्जासंस्थांत वेदना संभवते. तेव्हा वेदना हा प्रकार मेंदूतील एकाच प्रकारच्या प्रक्रियेशी एकरूप मानता येत नाही. हा आक्षेप प्रकारांच्या तादात्म्यास बाधक आहे. प्रत्येक विशिष्ट मनोघटना ही कोणती तरी भौतिक घटनाच असते, हे डॉनल्ड डेव्हिडसन ह्यांचे मत (१९७०) त्याने खंडित होत नाही.

सॉल क्रिप्की ह्यांचा युक्तिवाद अधिक मूलगामी आहे. उष्णता म्हणजे रेणूंची गती, असे म्हणताना उष्णता आणि तिची आपणास होणारी जाणीव ह्यांत भेद करता येतो. वेदनेच्या बाबतीत तसा भेद करता येत नाही; वेदना जाणवणे हेच वेदना असणे होय. त्यामुळे विज्ञानातील इतर तादात्म्यांचा दाखला येथे लागू पडत नाही. ह्या आक्षेपास तादात्म्यवाद्यांनी सर्वमान्य उत्तर दिलेले नाही.

भारतीय दर्शनांतील चार्वाकांचा देहात्मवाद ह्या मताचा पूर्वज म्हणून दाखविला जातो. मद्याच्या घटकांपासून जशी मदशक्ती, तसे भूतांच्या संयोगापासून चैतन्य उत्पन्न होते, असे ते मत होते. मृत्यूनंतर देह असूनही चैतन्य आढळत नाही, असा शंकराचार्यांचा त्यावर आक्षेप आहे. तथापि ही तुलना सावधपणे केली पाहिजे. न्यायवैशेषिकांचे ‘मन’ हे अणुपरिमाण असे अंतरिंद्रिय होय. पाश्चात्त्य वादातील ‘मन’ त्यापेक्षा ‘चैतन्य’ ह्या संकल्पनेस जवळचे आहे.

हा वाद केवळ शास्त्रार्थापुरता नाही. रुग्ण असह्य वेदना होत असल्याचे सांगतो, पण तपासणीत काहीच आढळत नाही, अशा वेळी प्रमाण कोणते मानावयाचे? वेदना म्हणजे मेंदूतील प्रक्रियाच, असे मानल्यास निर्णय यंत्राकडे सोपवावासा वाटेल. परंतु मेंदूतील अमुक प्रक्रिया वेदनेची निदर्शक आहे, हे मुळात वेदना भोगणाऱ्यांच्या कथनावरूनच निश्चित झालेले असते. ज्या साक्षीच्या आधारे यंत्राचा पुरावा अर्थपूर्ण ठरला, ती साक्ष त्याच पुराव्याने सर्वस्वी रद्द करणे तर्कदुष्ट होय. एखाद्या विशिष्ट प्रसंगी रुग्णाचे कथन चुकीचे असू शकेल. पण ते विचारात घेण्याचीच गरज नाही, असे तादात्म्यवादावरूनही निष्पन्न होत नाही. मनोव्यापारांना निसर्गक्रमात स्थान देणे, हे ह्या उपपत्तीचे श्रेय निर्विवाद आहे. अनुभवणाऱ्याच्या दृष्टिकोनाचा उलगडा मात्र तिला करता आलेला नाही.