‘कराराची पत्नी’ : मलाखी, एज्रा आणि रूथ

हिब्रू शास्त्रातील ‘बरीथ’ या शब्दासाठी मराठी पवित्र शास्त्रात ‘करार’ हा शब्द रूढ झालेला आहे व त्यास आता पर्याय सुचविणे व्यर्थ होय. तथापि या शब्दाने वाचकाच्या मनात काय उभे राहते, हे पाहिल्यावाचून विवाहविषयक उतारे उलगडत नाहीत. पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात ‘करार झाला’ असे कोणी म्हटले की वेतनवाढीची बोलणी मिटली, एवढाच अर्थ घेतला जातो. त्या कराराला मुदत असते. ती संपली की मागणीपत्र नव्याने द्यावयाचे. ‘बरीथ’ याहून निराळा. हिब्रूत तो ‘करीत’ नाहीत, ‘कापतात’. उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायातील दुभागलेले पशू या क्रियापदामागे उभे आहेत.

विवाहास हा शब्द लावण्याचे धाडस मलाखीने केले (२:१४). तारुण्यातील पत्नी ही ‘कराराची पत्नी’ होय, असे तो म्हणतो. २:१० ते १६ या सात वचनांत ‘बागद’, म्हणजे विश्वासघात करणे, हे क्रियापद पाच वेळा आले आहे. यहूदाने परक्या दैवताच्या कन्येशी लग्न केले, हा विश्वासघात. आणि जुन्या पत्नीला दूर लोटले, हाही विश्वासघातच. सोळाव्या वचनाचा मूळ पाठ फार बिकट आहे. त्यातील द्वेष करणारा देव की पती, याविषयी प्राचीन भाषांतरांतही एकमत नाही. त्यामुळे घटस्फोटाच्या निषेधाची सारी इमारत त्या एका वचनावर उभारणे आम्हांस धोक्याचे वाटते. चौदावे वचन त्या कामी पुरेसे आहे.

एज्रा संकुचित व रूथची कथा उदार, अशी विभागणी अनेक अभ्यासक करतात. ती सोयीची आहे. परंतु मलाखी तीत बसत नाही. परकीय विवाहाला त्याचा विरोध एज्राइतकाच तीव्र आहे, आणि तरीही एज्राच्या उपायाला त्याच्यापाशी आधार सापडत नाही. एज्राच्या १० व्या अध्यायात लोक जो ‘बरीथ’ कापतात, तो बायका व मुले घालवून देण्यासाठी! अठराव्या वचनापासून अखेरपर्यंत पुरुषांची यादी आहे. स्त्रियांपैकी एकीचेही नाव नाही. कारण दिले आहे ते ‘पवित्र बीज’ मिसळल्याचे (९:२). एज्राची बाजूही समजून घेतली पाहिजे. पारशी सम्राटांच्या अमलाखालील ते मूठभर लोक होते, आणि मुलांना यहुदी बोली येत नाही, ही नहेम्याची तक्रार (१३:२४) काल्पनिक नव्हती. (त्या कसोटीस कोकणातील बेने इस्रायल उतरले नसते : पिढ्यान्‌पिढ्या त्यांची घरची भाषा मराठी, आणि शास्त्रातील कथांवर त्यांनी कीर्तने रचली तीही मराठीत.)

रूथच्या पुस्तकात ‘बरीथ’ हा शब्द एकदाही येत नाही. तेथे ‘हेसेद’ आहे. दया व निष्ठा यांचा तो संगम मराठीत एका शब्दात मावत नाही. तरुणांच्या मागे न लागता रूथने केलेली वराची निवड हीच बवाज ‘हेसेद’ मानतो (३:१०). मवाबी मनुष्यास मंडळीत प्रवेश नाही, असे अनुवाद २३:३ सांगते. येथे मवाबी स्त्री दावीदाची पणजी होते. परंतु रूथने प्रथम नामीच्या देवाचा स्वीकार केला, हे विसरून या कथेस मिश्रविवाहाचे प्रचारपत्रक ठरवणारी टीका आम्हांस मान्य नाही. निष्ठा येथे बीजावरून नव्हे, वर्तनावरून मोजली आहे, एवढेच.

हा भेद पोथीपुरता राहिला नाही. खुद्द बेने इस्रायलांत ‘गोरे’ व ‘काळे’ असे भेद होते. काळ्यांच्या पूर्वजांत परधर्मीय स्त्रिया होत्या या समजुतीने त्यांच्याशी बेटीव्यवहार होत नसे. पुढे तोच प्रश्न साऱ्या समाजावर उलटला. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायलांच्या पूर्वजांचे विवाह व घटस्फोट धर्मशास्त्रानुसार झाले होते काय, अशी शंका घेऊन तेथील प्रधान रब्बींच्या पीठाने १९६२ मध्ये विवाहेच्छूंच्या वंशाची चौकशी करण्याचे आदेश काढले. महाराष्ट्रात शब्बाथ व सुंता पाळून ज्यांनी शतके काढली, त्यांना आता आज्यापणज्यांचा दाखला द्यावयाचा होता. जेरुसलेममध्ये निदर्शने झाली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव केला. त्यानंतर आदेशातून त्यांचे नाव वगळण्यात आले. शंकास्पद कुळांच्या चौकशीचा नियम सर्वसाधारण शब्दांत तसाच ठेवण्यात आला.