बी.डी.डी. चाळ : एकाच बाहेरच्या भिंतीची खोली

मुंबईच्या बी.डी.डी. चाळींवर लिहिताना 160 चौरस फूट हा आकडा हटकून येतो. खोली लहान होती यात वाद नाही. पण या रचनेचा मोठा दोष मला वेगळा वाटतो : खोलीला बाहेरची भिंत एकच आहे.

तुलनेसाठी इंग्लंडमधील सॉल्टेअर हे कामगारांचे आदर्श गाव घेऊ. टायटस सॉल्ट या गिरणीमालकाने ब्रॅडफर्डजवळ 1853 मध्ये गिरणी सुरू केली आणि पुढे तिच्याभोवती आठशेहून अधिक घरे बांधली. वास्तुकार लॉकवुड आणि मॉसन. घरे एका ओळीत, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. जबलपूरच्या विजय नगरात माझे घर असेच आहे. मात्र पुढे रस्ता, मागे स्वतःचे आवार आणि त्यात शौचालय. त्यामुळे हवा आरपार जाते. त्याच काळात आसपासच्या शहरांत पाठीला पाठ लावून घरे बांधत, त्यांच्या तीन बाजू बंद असत. सॉल्टची शिस्त जाचक होती. गावात दारूचे दुकान नव्हते आणि मुकादमाचे घर मजुराच्या घरापेक्षा मोठे होते. तरी घराचा नकाशा चांगला होता.

आता मुंबई. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, 1920 मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. उद्दिष्ट 50,000 खोल्यांचे होते. प्रत्यक्षात वरळी 121, नायगाव 42, ना. म. जोशी मार्ग 32 आणि शिवडी 12 अशा 207 इमारती झाल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर 20 खोल्या, सामाईक शौचालये आणि मधोमध बंद व्हरांडा. गिरगावातल्या जुन्या चाळींत व्हरांडा बहुधा एका बाजूला आणि उघडा असे. तो मध्ये घेतला की तेवढ्याच लांबीत दुप्पट खोल्या बसतात. हिशेब चोख, पण त्याची किंमत रहिवाशाने मोजली. दोन भिंतींपलीकडे शेजारी, तिसरीपलीकडे अंधारा व्हरांडा, खिडकी फक्त चौथ्या भिंतीला. इंग्लंडात निंदेचा विषय झालेले पाठीला पाठ घर इथे सरकारनेच चार मजली करून बांधले, तेही मुंबईच्या दमट हवेत!

दिवसभर उघडी दारे हे चाळीतल्या जिव्हाळ्याचे लक्षण म्हणून सांगितले जाते. जिव्हाळा खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण दार लावले की वारा थांबतो, हेही तितकेच खरे. हवा हवी तर खाजगीपणा सोडा, अशी ती निवड होती. चाळीच्या आठवणींत हे क्वचितच येते.

सध्याच्या पुनर्विकासात रहिवाशांना 500 चौरस फुटांचे घर मिळते, शौचालय घरातच. ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती. मात्र चर्चा अजून क्षेत्रफळाचीच चालते. विद्यार्थ्यांनी या नव्या इमारतींच्या एका मजल्याचा नकाशा मिळवावा, प्रत्येक घराच्या किती भिंती बाहेर उघडतात ते मोजावे आणि वाऱ्याचे बाण काढून पाहावेत. ते बाण घराच्या दारापाशी अडतात की आरपार जातात?