आवाळूची भिंत

२०२४ सरता सरता शेगाव तालुक्यात बोंडगाव-कालवडकडे डोकी उघडी पडू लागली. हात फिरवला की बट मुठीत. १८ गावांतली २७९ माणसं मोजली गेली, डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर बोट ठेवलं. केस मुळातून सुटला की बातमी होते. पण कधी मूळ शाबूत असतं आणि वरचाच एखादा टप्पा फुगून बसतो. त्याला आपल्याकडे सरसकट ‘आवाळू’ म्हणतात आणि टोपीखाली वर्षानुवर्षं वागवतात. सूक्ष्मदर्शकाखाली वाचायला इतकी रसाळ चीज दुसरी नाही, असं माझं मत.

सिंदखेडराजाची सजना बारव आठवा. केसाची खळगीही तशीच टप्प्याटप्प्यानं खाली उतरते. वरचं तोंड म्हणजे आत वळलेली कातडीच. तिथून उपजलेली गाठ माहेरचं वळण सोडत नाही. भिंतीत निळसर दाण्यांचा थर, पोटात कांद्याच्या सालीसारखे सुटे पापुद्रे. बाहेरून पुष्कळदा एक बारीक काळं भोक दिसतं, ते त्या तोंडाचंच.

मधल्या टप्प्यातली गाठ बहुतेक डोक्यावरच येते, आणि कित्येक घरांत आईकडून मुलीकडे जाते. तिच्या भिंतीत दाण्यांचा थर सहसा सापडत नाही. पेशी आत सरकताना फुगतात, फिकट होतात आणि मधली पायरी गाळून एकदम केराटिन. पोटात घट्ट, एकजीव खरवस, फक्त रंगानं गुलाबी. अधूनमधून चुन्याचे खडे. सर्जन हिच्यावर खूश, कारण ती गोटीसारखी अख्खी निघते. पहिली मात्र फुटायला टपलेली, आणि फुटली की वास खोलीभर.

या दोघींनाही दवाखान्यात ‘सेबेशियस सिस्ट’ म्हणतात. गंमत अशी की दोघींत तेलाचा थेंब नसतो. त्या नावाची खरी हक्कदार तेलग्रंथीच्या नळीतून आलेली तिसरी. आतली कड करवतीच्या दातांसारखी, भिंतीला चिकटलेल्या ग्रंथी, पोटात तेल.

तळाची गाठ खरं तर भरीव, दगडासारखी टणक, पुष्कळदा लहान मुलांच्या मानेवर किंवा गालावर. केस घडवणाऱ्या पेशींची ही गाठ. काचेवर त्यांच्या कडा स्वच्छ दिसतात, ओळीनं, दाटीवाटीनं. केंद्रकाच्या जागी मात्र फिकट पोकळी, दिवा काढून नेलेल्या कोनाड्यासारखी.